३५ सेकंदांचा हिशोब : पायलटच्या वागण्याचं गणित सिम्युलेटरमध्ये कसं मांडतात?

१५ जानेवारी २००९. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या एअरबस ए-३२० विमानाला काही वेळातच हंसांचा थवा धडकला. दोन्ही इंजिनांची ताकद जवळपास संपली. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीच्या पाण्यावर उतरवलं आणि विमानातले सगळे १५५ जण वाचले. ही गोष्ट बहुतेकांना माहीत आहे, त्यावर टॉम हँक्सचा सिनेमाही आला.

यानंतर जे झालं ते मात्र कमी लोकांना माहीत आहे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, हेच उड्डाण सिम्युलेटरमध्ये पुन्हा करून पाहिलं. पक्षी धडकताच पायलटने लगेच विमानतळाकडे विमान वळवलं, तर काही प्रयत्नांत ते धावपट्टीवर सुखरूप उतरत होतं. मग प्रश्न आलाच. कॅप्टनने उगाच नदीत उतरवलं का?

तपास करणाऱ्यांनी आणखी एक प्रयत्न केला. काय झालंय हे ओळखायला आणि काय करायचं हे ठरवायला माणसाला वेळ लागतो. तो वेळ त्यांनी ३५ सेकंद धरला आणि त्यानंतर विमान वळवायला सांगितलं. या वेळी विमान धावपट्टीपर्यंत पोचलं नाही.

विमान तेच, हवा तीच, उंची तीच. हिशोबात फक्त माणूस मोकळेपणाने धरला आणि उत्तर बदललं.

गेली सुमारे ८० वर्षं इंजिनिअर आणि मानसशास्त्रज्ञ हेच करण्याचा प्रयत्न करत आहेत. विमानाचं गणित असतं, इंजिनाचं असतं, वाऱ्याचंही असतं. मग कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाचं का नसावं? हे गणित कसं मांडतात, त्यात सिम्युलेटर काय करतो आणि ते कुठे कमी पडतं, हे समजून घेऊ.

पायलटचं गणित हवंच कशाला?

नवीन विमान कागदावर तयार होतं तेव्हा ते हवेत कसं वागेल हे संगणकावर तपासता येतं. पण विमान एकटं उडत नाही. पायलट समोर बघतो, विमान किती कललंय हे त्याला दिसतं, तो स्टिक हलवतो, विमान हलतं, त्याला नवीन स्थिती दिसते, तो पुन्हा स्टिक हलवतो. हे वर्तुळ सतत चालू असतं.

गंमत अशी की यातले दोन्ही भाग वेगवेगळे अगदी उत्तम असूनही एकत्र आल्यावर बिघडू शकतात. विमान चांगलं, पायलट अनुभवी, तरीही दोघं मिळून हेलकावे खायला लागतात. त्यामुळे विमान बनवण्याआधीच इंजिनिअरला माहीत असावं लागतं की त्याच्यासमोर बसणारा माणूस किती वेगाने प्रतिसाद देतो, किती चूक चालवून घेतो आणि कुठे हात टेकतो.

सुरुवात झाली ती युद्धात

पहिला लोकप्रिय सिम्युलेटर अमेरिकेच्या एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये बनवला. त्यांच्या कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते असतात, तेच वापरून त्यांनी छोटंसं लाकडी विमान डोलतं केलं. सुरुवातीला लोकांना ते जत्रेतलं खेळणं वाटलं. पण १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराने हवाई टपाल वाहण्याचं काम अंगावर घेतलं आणि खराब हवामानात एकामागोमाग एक पायलट मेले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो पायलट याच यंत्रावर शिकले.

लिंक यांचं यंत्र शिकवण्यासाठी होतं. माणसाचा अभ्यास करण्यासाठी सिम्युलेटर वापरला तो ब्रिटनमध्ये. केंब्रिजचे तरुण मानसशास्त्रज्ञ केनेथ क्रेक यांनी युद्धकाळात स्पिटफायर विमानाच्या कॉकपिटचा सिम्युलेटर उभा केला. त्यात पायलटांना तासनतास बसवून त्यांच्या चुका मोजल्या गेल्या. थकलेला पायलट हळूहळू मोठ्या चुका चालवून घ्यायला लागतो, आणि आपलं काम बिघडतंय हे त्याच्या लक्षातही येत नाही, असं या प्रयोगांतून दिसलं.

क्रेक यांची कल्पना पुढची होती. नियंत्रण करणारा माणूस हा यंत्रणेचाच एक भाग समजून त्याच्यासाठी गणित मांडता येईल, असं त्यांना वाटत होतं. १९४५ मध्ये, युरोपातलं युद्ध संपत असतानाच, सायकलच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. ते फक्त ३१ वर्षांचे होते. या विषयावरचे त्यांचे निबंध नंतर प्रसिद्ध झाले.

त्याच काळात इंजिनिअर अर्नोल्ड टस्टिन तोफेचा बुरूज फिरवणाऱ्या सैनिकांचा अभ्यास करत होते. हलत्या लक्ष्यावर नेम धरताना सैनिकाचा हात कसा चालतो? टस्टिन यांना दिसलं की हाताच्या हालचालीचा मोठा भाग एका साध्या समीकरणात बसतो, आणि थोडा भाग कशातच बसत नाही. १९४७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. समीकरण अधिक उरलेला भाग, ही मांडणी आजही वापरली जाते.

प्रयोग नेमका कसा करतात?

सगळ्यात साधा प्रयोग असा. पायलट सिम्युलेटरमध्ये बसतो. समोरच्या पडद्यावर एक रेघ असते. ती मधोमध ठेवायची, एवढंच काम. संगणक त्या रेघेला सतत इकडेतिकडे ढकलत राहतो आणि पायलट स्टिकने तिला परत आणत राहतो.

संगणकाचे धक्के पायलटला अगदी बेभरवशाचे वाटतात. पण ते तसे नसतात. ते ठरावीक वेगाने वरखाली होणाऱ्या अनेक लाटा एकत्र करून बनवलेले असतात. काही लाटा संथ, काही जलद. इतक्या लाटा एकत्र आल्या की पुढचा धक्का कुठून येईल हे माणसाला ओळखता येत नाही, म्हणून तो पाठ करून खेळू शकत नाही.

संगणकाला मात्र प्रत्येक लाट माहीत असते. नंतर पायलटच्या स्टिकची हालचाल तपासली जाते. तिच्यात त्याच वेगाच्या लाटा शोधल्या जातात. संथ लाटेला पायलटने किती प्रतिसाद दिला? जलद लाटेला किती? आणि प्रत्येक वेळी किती उशिराने? यातून पायलटच्या वागण्याचा आलेख तयार होतो. जो भाग कुठल्याच लाटेशी जुळत नाही तो उरलेला भाग, म्हणजे हाताची थरथर, लक्ष विचलित होणं, अंदाज चुकणं वगैरे.

मॅक्रुअर यांना काय सापडलं?

अमेरिकेत ड्युएन मॅक्रुअर आणि एझ्रा क्रेंडेल यांनी १९५० च्या दशकात असे प्रयोग एकत्र करून मांडले. १९६५ मध्ये मॅक्रुअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयातला सर्वांत गाजलेला अहवाल दिला.

त्यांनी पायलटांना वेगवेगळ्या स्वभावाची ‘विमानं’ चालवायला दिली. घरातली उदाहरणं घेऊ.

पहिला प्रकार व्हॉल्यूमच्या बटणासारखा. जितकं फिरवलं तितका आवाज, काम संपलं.

दुसरा प्रकार नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखा. नळ किती उघडला यावर पाण्याची पातळी ठरत नाही, पातळी किती वेगाने वाढेल हे ठरतं. योग्य पातळी आली की नळ बंद करावा लागतो. स्टिकने विमान एका बाजूला कलवताना साधारण असाच अनुभव येतो.

तिसरा प्रकार गुळगुळीत फरशीवर ढकललेल्या जड ट्रॉलीसारखा. ती हव्या त्या जागी थांबवायची तर तिथे पोचण्याआधीच उलटा जोर लावायला सुरुवात करावी लागते. म्हणजे पुढचं ओळखून वागावं लागतं.

मॅक्रुअर यांना आढळलं की पायलटचं असं एकच ठरलेलं समीकरण नाही. यंत्र बदललं की माणूस स्वतःला बदलतो. पण तो अशा पद्धतीने बदलतो की माणूस आणि यंत्र मिळून होणारी जोडी, कामाच्या वेगाच्या पट्ट्यात, जवळपास एकसारखीच वागते. यंत्राची जी उणीव असेल ती माणूस स्वतः भरून काढतो.

मात्र त्याची किंमत मोजावी लागते. ट्रॉलीसारखं यंत्र चालवताना पायलटला सतत पुढचा अंदाज घ्यावा लागतो. त्यामुळे त्याचा प्रतिसाद आणखी उशिरा येतो आणि काम जास्त कठीण वाटतं. विमान ‘चालवायला जड’ आहे असं पायलट म्हणतो, तेव्हा त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. अशी मतं नीट नोंदवण्यासाठी जॉर्ज कूपर आणि रॉबर्ट हार्पर यांनी १९६९ मध्ये १ ते १० गुणांची पट्टी तयार केली. १ म्हणजे उत्तम आणि १० म्हणजे विमान हाताबाहेर जाणार. चाचणी पायलट आजही ही पट्टी वापरतात.

सूत्र एका ओळीत

मॅक्रुअर यांचं मॉडेल सोप्या शब्दांत असं सांगता येईल :

चूक कमी होण्याचा वेग = पायलटची तत्परता × थोड्या वेळापूर्वी दिसलेली चूक

तत्परता म्हणजे चूक दिसल्यावर तो किती जोरात दुरुस्ती करतो. तत्परता ४ असेल, तर १ अंशाची चूक तो सेकंदाला ४ अंश या वेगाने कमी करायला लागतो.

सूत्रातला महत्त्वाचा शब्द आहे ‘थोड्या वेळापूर्वी’. डोळ्यांना दिसणं, मेंदूला कळणं आणि हात हलणं, या सगळ्यात सेकंदाचा काही भाग जातो. म्हणजे पायलट नेहमी किंचित जुन्या चित्राकडे बघून दुरुस्ती करत असतो.

या सूत्रातून एक पक्की मर्यादा निघते. तत्परता आणि विलंब यांचा गुणाकार १.५७ पेक्षा कमी हवा. (ही संख्या म्हणजे ३.१४ चा निम्मा.) गुणाकार त्याच्यावर गेला की दुरुस्तीच चूक वाढवायला लागते.

समजण्यासाठी आकडे घेऊ. पायलटची तत्परता ४ आणि एकूण विलंब ०.३ सेकंद. गुणाकार १.२. काही अडचण नाही. आता विमानाच्या संगणकाने मधे आणखी ०.२ सेकंद घेतले. एकूण विलंब ०.५ झाला आणि गुणाकार २. पायलट तोच, कौशल्य तेच, हात तितकेच सरावलेले. तरीही विमान हेलकावे घेणार.

गिझरचा नळ आठवा

हे विमानात न बसताही अनुभवता येतं. सकाळी आंघोळीला गेलात, शॉवरचं पाणी गार आहे, म्हणून गरम नळ थोडा उघडला. काही फरक नाही. आणखी उघडला. तरी नाही. पूर्ण उघडला. आणि मग एकदम चटका बसतो. घाईने बंद केला की थोड्या वेळाने बर्फासारखं पाणी येतं.

इथे नळ फिरवणाऱ्याची चूक काय? गिझरपासून शॉवरपर्यंतच्या पाइपमध्ये पाणी पोचायला वेळ लागतो, आणि दुरुस्ती त्या वेळेच्या मानाने फार घाईची होती. दुसऱ्या दिवशी माणूस शिकतो. नळ थोडासा फिरवतो आणि वाट बघतो. म्हणजे तत्परता कमी करतो.

विमान उतरवताना मात्र वाट बघायला सवड नसते. जमीन जवळ येत असते.

या हेलकाव्यांना विमानशास्त्रात पीआयओ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘पायलटमुळे निर्माण होणारे हेलकावे’ असा होता. मॅक्रुअर यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी समितीने १९९७ च्या अहवालात विमान आणि पायलट यांची ‘जुळणी’ बिघडणं अशा अर्थाच्या शब्दांवर भर दिला. कारण जुन्या नावातच सगळा दोष पायलटवर ढकलला जात होता.

१९७७ : स्पेस शटल डोलायला लागलं

२६ ऑक्टोबर १९७७. कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर स्पेस शटलच्या चाचणी यानाचं, एंटरप्राइझचं, पाचवं मुक्त उड्डाण होतं. बघायला ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स आले होते. कमांडर होते फ्रेड हेज, अपोलो १३ मधून जिवंत परतलेल्या तिघांपैकी एक. अनुभवाची कमतरता अजिबात नव्हती. या वेळी पहिल्यांदाच कोरड्या तळ्याच्या मोठ्या मैदानाऐवजी काँक्रीटच्या धावपट्टीवर, ठरलेल्या जागी उतरायचं होतं.

धावपट्टी जवळ आली आणि यानाचं नाक वरखाली होऊ लागलं. चाकं टेकली, यान उसळलं, मग डावीउजवीकडे डोलायला लागलं. हेज यांनी स्टिकवरची पकड सैल केली तसं डोलणं थांबलं आणि यान नीट उतरलं.

शटलमध्ये स्टिक आणि पंख यांच्यामध्ये संगणक होते. आदेश पोचायला विलंब होत होता. शिवाय पंखांचे हलणारे भाग ठरावीक वेगापेक्षा जास्त वेगाने हलू शकत नव्हते. ठरलेल्या जागी उतरायचं दडपण आलं, तशी हेज यांची तत्परता वाढली. वरचं सूत्र आठवा. दोन्ही आकडे एकाच वेळी वाढले.

यानंतर नासाने एफ-८ या प्रायोगिक विमानावर मुद्दाम विलंब घालून पाहिले. या विमानाच्या संगणकात हवा तितका उशीर भरता येत होता. खऱ्या धावपट्टीजवळ, खऱ्या पायलटच्या हातात असताना किती विलंबाला विमान डोलतं, हे मोजलं गेलं. हे विमानच एक उडता सिम्युलेटर झालं होतं.

मग इंजिनिअरांनी शटलच्या संगणकात एक गाळणी बसवली. पायलट स्टिक झपाट्याने मागेपुढे करतोय असं दिसलं की ती त्याच्या आदेशांचा जोर आपोआप कमी करायची. विलंब पूर्ण काढता येत नव्हता, म्हणून तत्परता कमी केली. गिझरच्या नळासारखंच. १२ एप्रिल १९८१ रोजी शटल पहिल्यांदा अवकाशात गेलं, तोपर्यंत हा धडा शिकून झाला होता.

चांगला पायलट गृहीत धरून

१९७० मध्ये डेव्हिड क्लाइनमन, शेल्डन बॅरन आणि विल्यम लेव्हिसन यांनी वेगळ्या बाजूने मॉडेल मांडलं. त्यांनी गृहीत धरलं की सरावलेला पायलट आपल्या मर्यादेत शक्य ते सर्वोत्तम करतो. मर्यादा कोणत्या? दिसायला आणि कळायला लागणारा वेळ, डोळ्यांना होणारा थोडा चुकीचा अंदाज, आणि स्नायूंचा संथपणा. हे आकडे भरले की संगणक सांगतो की या विमानात सर्वोत्तम माणूससुद्धा किती चूक करेल.

या मॉडेलचा एक मोठा फायदा आहे. संगणकातला सर्वोत्तम पायलटही जिथे विमान सरळ ठेवू शकत नाही, तिथे विमान बदलायला हवं. तिथे पायलटला आणखी प्रशिक्षण देऊन काही होणार नाही.

तेजससाठी याचा काय उपयोग झाला?

भारताचं तेजस मुद्दामच थोडं अस्थिर बनवलेलं आहे. अशी विमानं पटकन वळतात, पण संगणकाशिवाय माणूस ती सरळ उडवू शकत नाही. का, ते घरी करून बघता येतं. लांब काठी तळहातावर उभी धरणं जमतं. पेन्सिल उभी धरायला जा, लगेच पडते. काठी जितकी आखूड तितकी ती लवकर कलते, आणि एका मर्यादेनंतर माणसाचा हात पोचतच नाही. १९६६ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सिम्युलेटरमध्ये अशीच ‘आखूड होत जाणारी काठी’ तयार केली आणि कुठे हात सुटतो यावरून माणसाचा विलंब मोजला.

अस्थिर विमानात ही काठी संगणक सांभाळतो. पण संगणकाने जास्त वेळ घेतला, किंवा पंखांचे भाग मागे पडले, तर पायलट अडकतो. स्वीडनच्या ग्रिपेन या लढाऊ विमानाला १९८९ मध्ये उतरताना आणि १९९३ मध्ये स्टॉकहोममधल्या प्रदर्शनात असेच अपघात झाले. दोन्ही वेळा जीवितहानी झाली नाही.

तेजसचे नियंत्रण-नियम बनवणाऱ्या भारतीय गटासमोर ही उदाहरणं होती. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनएएलच्या, नेतृत्वाखाली हे काम झालं. चाचणी पायलट आधी जमिनीवरच्या सिम्युलेटरमध्ये बसले. १९९० च्या दशकाच्या मध्यावर हे नियम अमेरिकेत एफ-१६ व्हिस्टा या विमानावरही तपासले गेले. हे विमान आपला स्वभाव बदलून दुसऱ्या विमानासारखं वागू शकतं. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी बेंगळुरूत तेजस पहिल्यांदा उडवलं. विमान नवीन होतं, पण त्याचं वागणं पायलटच्या हाताला आधीपासून ओळखीचं होतं.

सिम्युलेटर आपल्या शरीराला कसं फसवतो?

पायलट फक्त डोळ्यांनी उडवत नाही. कानाच्या आतल्या भागाला वळणं आणि वेग वाढणं जाणवतं, पाठीला खुर्चीचा दाब जाणवतो. म्हणून मोठे सिम्युलेटर सहा हलत्या पायांवर उभे असतात.

पण खोली फार पुढे जाऊ शकत नाही. मग धावपट्टीवर वेग घेतल्याचा भास कसा द्यायचा? सिम्युलेटर आधी थोडा पुढे सरकतो आणि मग अगदी हळू मागच्या बाजूला कलतो. कलणं इतकं संथ असतं की कानाला ते कळत नाही. पाठ खुर्चीला टेकते ती गुरुत्वाकर्षणामुळे, पण मेंदूला वाटतं की वेग वाढतोय.

हा भास किती खरा आहे, यावर मॉडेलची किंमत ठरते. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्रातला एक सिम्युलेटर सुमारे १८ मीटर वरखाली होऊ शकतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठात सिमोना नावाचा संशोधन सिम्युलेटर आहे. तिथे पायलटच्या प्रतिसादात डोळ्यांचा वाटा किती आणि शरीराला जाणवणाऱ्या हालचालीचा किती, हे वेगळं करून मोजतात. ट्रॉलीसारख्या अवघड यंत्रात हालचाल जाणवली तर पायलटला पुढचा अंदाज लवकर येतो, असं अशा प्रयोगांतून दिसलं आहे.

मग हे कुठे फसतं?

सिम्युलेटर तेवढंच दाखवतो जेवढं त्यात भरलेलं असतं. याची दोन उदाहरणं फार महाग पडली.

१२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान कोसळलं. २६५ जण गेले. पुढच्या विमानामुळे हवेत निर्माण झालेल्या भोवऱ्यात विमान थोडं हललं. सहवैमानिकाने रडरची पेडल जोरजोरात डावीउजवीकडे दाबली आणि शेपटीचा उभा भाग तुटला. एनटीएसबीने सहवैमानिकाच्या या अनावश्यक हालचालींना कारण ठरवलं. पण त्याचबरोबर रडरच्या रचनेकडे आणि कंपनीच्या प्रशिक्षणाकडेही बोट दाखवलं. प्रशिक्षणातल्या एका सरावात सिम्युलेटर विमानाला खूप कलू देत होता आणि तोवर पायलटच्या दुरुस्तीला दाद देत नव्हता. त्यामुळे भोवरा म्हणजे फार मोठं संकट, आणि त्यावर उपाय जोरदार दुरुस्ती, अशी चुकीची सवय लागू शकते असं मंडळाने म्हटलं.

दुसरं उदाहरण बोइंग ७३७ मॅक्सचं. २०१८ मध्ये इंडोनेशियात आणि २०१९ मध्ये इथिओपियात ही विमानं कोसळली. एकूण ३४६ जण गेले. विमानातली एमकॅस ही यंत्रणा चुकीच्या सेन्सरवर विश्वास ठेवून नाक खाली दाबत होती. असं झालं तर पायलट ते ओळखून वेळेत दुरुस्त करतील, असं कंपनीने धरलं होतं. सिम्युलेटरमध्ये तपासणीही झाली होती. पण एनटीएसबीने सप्टेंबर २०१९ मध्ये दाखवून दिलं की त्या तपासणीत फक्त नाक खाली जाणं दाखवलं होतं. सेन्सर बिघडल्यावर प्रत्यक्षात काय होतं? स्टिक थरथरते, वेग आणि उंचीचे आकडे जुळत नाहीत, इशाऱ्यांवर इशारे येतात. हा गोंधळ तपासणीत नव्हताच.

म्हणजे मॉडेलमधला पायलट शांत खोलीत बसला होता आणि खरा पायलट गोंगाटात.

इथे रेघ मधोमध ठेवण्याचं गणित पुरत नाही. हातांचं मॉडेल आता पक्कं झालं आहे. पण दचकणं, गोंधळणं, दोन इशाऱ्यांपैकी आधी कुठला बघायचा हे ठरवणं, ऑटोपायलटवर नको तितका विश्वास टाकणं, हे एका समीकरणात बसत नाही. त्यातच सिम्युलेटरमधल्या पायलटला आज काहीतरी बिघडणार हे माहीत असतं, आणि आपण मरणार नाही हेही माहीत असतं. हडसनच्या तपासात लगेच वळलेल्या पायलटांनाही काय होणार हे ठाऊक होतं. म्हणूनच ते ३५ सेकंद वेगळे मोजावे लागले.

थोडक्यात

पायलटचं मॉडेल माणसाला यंत्र ठरवत नाही. माणसाला किती वेळ लागतो, किती कळतं आणि कुठे त्याची शर्थ होते, हे ते आधीच लिहून ठेवतं. एंटरप्राइझच्या बाबतीत प्रश्न होता सेकंदाच्या काही भागाचा, मॅक्समध्ये काही सेकंदांचा, हडसनवर ३५ सेकंदांचा. तिन्ही ठिकाणी माणसाचा वेळ हिशोबात धरला की नाही, यावर उत्तर ठरलं.

विमान अपघात झाला की काही तासांतच ‘पायलटची चूक’ असे मेसेज फिरायला लागतात. पुढच्या वेळी असा मेसेज आला तर फॉरवर्ड करण्याआधी तपास करणारे विचारतात तोच प्रश्न विचारून बघा. त्या खुर्चीत, त्या क्षणी, तेच दिसत असताना आणि तेवढाच वेळ हातात असताना, दुसरा चांगला पायलट काय करू शकला असता? उत्तर ‘हेच’ असेल, तर दुरुस्ती विमानात, नियमात किंवा प्रशिक्षणात करायला हवी. नाहीतर पुढचा पायलटही तिथेच अडकेल.